घरच्या आठवणींची तिजोरी : रॅकमध्ये हार्ड डिस्कची साठवण कशी उभारावी



आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत तीन-चार पिढ्यांचा ऐवज साठलेला आहे. पणजोबांच्या वेळचे फोटो, गायकवाडी राज्यातल्या नोकरीचे कागद, त्यांतले काही मोडीतले, मुंजी-लग्नांच्या कॅसेट आणि आता नातवंडांचे मोबाईलवरचे व्हिडिओ. यातले बरेचसे हळूहळू डिजिटल झाले आहे. पण ते आहे कुठे? थोडे जुन्या लॅपटॉपमध्ये, थोडे दोन-तीन पेन ड्राइव्हवर, थोडे मुलाच्या क्लाउड खात्यात आणि उरलेले कपाटातल्या एकुलत्या एका हार्ड डिस्कवर.

२०१९ च्या जुलैअखेरचा आणि २०२४ च्या ऑगस्टमधला, असे विश्वामित्रीचे दोन पूर आपण पाहिले. फ्रिज, सोफा, गाडी पुन्हा घेता येते. भिजलेला अल्बम किंवा पाण्यात बुडालेला संगणक मात्र पुन्हा घेता येत नाही. पूर नसला तरी हार्ड डिस्क ही झिजणारी वस्तू आहे, ती एक दिवस बंद पडणारच. म्हणून हा लेख. घरी एका जागी, नीट मांडलेली, हार्ड डिस्कची साठवण कशी उभारायची ते सांगतो. मी वाणिज्य शाखेचा, संगणकाचा नव्हे. पण बँकेत दुसऱ्यांचा ऐवज सांभाळण्यात आयुष्य गेले, आणि या विषयाचे बरेचसे नियम तेच आहेत.

आधी मोजणी

खरेदीच्या आधी आपल्याकडे आहे किती, ते मोजा. साधारण हिशेब असा :

- ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर जेपेग फाइल साधारण ४ एमबीची होते. ३,००० फोटोंचे १२ जीबी.
- तासाभराची ध्वनिफीत मूळ दर्जात, म्हणजे वेव्ह स्वरूपात घेतली तर सुमारे ६३५ एमबी. ४० कॅसेटचे २५ जीबी.
- जुन्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्याची फीत तासाला साधारण १३ जीबी घेते. दहा फितींचे १३० जीबी.
- घरातल्या चार मोबाईलचे प्रत्येकी १०० जीबी धरले तर ४०० जीबी.

एकूण ५६७ जीबी. म्हणजे एक टीबीसुद्धा नाही. दरवर्षी २०० जीबीची भर पडते असे धरले तरी पाच वर्षांनी दीड टीबीच्या आसपास जाते. सर्वसाधारण घराला ४ टीबी पुष्कळ झाले.

ज्यांच्या घरी व्हिडिओचा छंद आहे, किंवा ज्यांनी मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रण सांभाळायचे पत्करले आहे, त्यांचे गणित वेगळे. फोर-के चित्रण १०० मेगाबिट वेगाने केले तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे, तीन तासांचा कार्यक्रम, म्हणजे २७० जीबी. गणेशोत्सवाच्या पाच संध्याकाळी मिळून १,३५० जीबी. इथे मोठी साठवण लागते आणि रॅकचा विचार इथूनच सुरू होतो.

डिस्कवर लिहिलेली आणि संगणकावर दिसणारी क्षमता यांत फरक दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. त्यात फसवणूक नाही, मापे दोन आहेत एवढेच.

नॅस म्हणजे काय, रॅक म्हणजे काय

नॅस म्हणजे हार्ड डिस्क ठेवण्याचा एक छोटा संगणक. तो राउटरला वायरने जोडायचा. मग घरातला प्रत्येक मोबाईल, लॅपटॉप आणि टीव्ही त्यातल्या फाइली पाहू शकतो. त्याला पडदा किंवा कीबोर्ड लागत नाही, आपल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधूनच सगळी मांडणी करता येते. सायनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांची तयार यंत्रे मिळतात. हात चालत असेल तर जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकूनही नॅस तयार होते.

रॅक म्हणजे १९ इंच रुंदीची यंत्रे बसवायची लोखंडी चौकट. तिची उंची 'यू' या मापात मोजतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच. केबल टीव्हीवाल्यांकडे किंवा कार्यालयात भिंतीवर काचेच्या दाराची जी पेटी दिसते, तीच ही.

घरासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मोठ्या कार्यालयांतले १ यू उंचीचे सर्व्हर स्वस्तात जुने मिळतात म्हणून घरी आणू नका. त्यांतले पंखे जेमतेम दीड इंचाचे असतात, म्हणून ते फार वेगाने फिरतात आणि घरात कुणाला झोपू देत नाहीत. शिवाय ती यंत्रे इतकी लांब असतात की भिंतीवरच्या रॅकमध्ये मावत नाहीत. त्यापेक्षा टेबलावर ठेवायचे चार डिस्कचे साधे नॅस घ्यावे आणि ते रॅकच्या ट्रेवर बसवावे. त्याची उंची साधारण ४ यू भरते. ९ यूच्या रॅकमध्ये खाली नॅस, त्यावर स्विच, त्यावर राउटर आणि वारा खेळायला मोकळी जागा, असे सगळे बसते. मुख्य म्हणजे सगळ्या वायरी एका कुलपाच्या दाराआड जातात. नातवंडांचे हात पोचत नाहीत आणि झाडू मारताना प्लग निघत नाही.

डिस्क दोनच असतील तर रॅकवर खर्च करू नका. भिंतीवरची मजबूत फळी पुरते.

डिस्क कोणती घ्यावी

हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारे टोक केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. धक्का, उष्णता आणि अचानक जाणारी वीज हे तिचे तीन शत्रू. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात.

खरेदीच्या वेळी या गोष्टी विचारा :

- नॅससाठी बनवलेली आहे का? अशी डिस्क चोवीस तास फिरण्यासाठी आणि शेजारच्या डिस्कची कंपने सोसण्यासाठी केलेली असते. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते.
- सीएमआर की एसएमआर? एसएमआर प्रकारात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहितात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावते, पण पुन्हा लिहायला फार वेळ लागतो. अनेक डिस्क एकत्र चालवताना ती अडचणीची ठरते. सीएमआरच मागा, आणि दुकानदाराच्या शब्दावर न राहता मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात पडताळा.
- बिल आणि वॉरंटी. सीलबंद पाकीट घ्या. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी केव्हापर्यंत आहे ते त्याच दिवशी पाहा.
- सगळ्या डिस्क एकाच खोक्यातल्या नकोत. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात बनलेल्या डिस्क एकत्र झिजतात. शक्य असेल तर दोन दुकानांतून घ्या.

भाव सतत बदलतात म्हणून रक्कम लिहीत नाही. पण अंदाजपत्रक करताना डिस्कांचा खर्च यंत्राच्या खर्चाइतका किंवा त्याहून अधिक धरा, आणि बाहेर ठेवायच्या प्रतीची डिस्क विसरू नका.

रेड : बेरजेची युक्ती

अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बंद पडली तरी काम चालू ठेवण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती एका निबंधात मांडली.

यातली सोपी पद्धत रेड १. दोन डिस्क, दोन्हींवर तेच. बँकेत व्हाउचरची कार्बन प्रत निघायची तशी. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर वापरायला ४ टीबी मिळतात.

रेड ५ मात्र खरी मौजेची आहे. तीन डिस्कवर ७, १२ आणि ५ असे आकडे लिहिले असे समजा. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज लिहायची, २४. आता १२ वाली डिस्क गेली तर? २४ मधून ७ आणि ५ वजा करा, १२ परत मिळाले. कॅशबुकात एक आकडा पुसला गेला तर बेरजेवरून तो काढतात, तसेच. प्रत्यक्षात यंत्र बेरजेऐवजी दुसरी क्रिया वापरते आणि ती 'बेरीज' सगळ्या डिस्कवर वाटून ठेवते, पण तत्त्व हेच.

४ टीबीच्या चार डिस्क असतील तर हिशेब असा :

- रेड ५ : वापरायला १२ टीबी, एक डिस्क गेली तरी चालते.
- रेड ६ : वापरायला ८ टीबी, कोणत्याही दोन गेल्या तरी चालते.
- रेड ० : वापरायला १६ टीबी, पण एक जरी गेली तरी सगळे गेले. घरी ही पद्धत नकोच.

गेलेल्या डिस्कच्या जागी नवी घातली की यंत्र हिशेब करून तिच्यावर सगळे पुन्हा लिहिते. मोठ्या डिस्कला यात कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. त्या काळात उरलेल्या डिस्कवर फार ताण येतो आणि त्यांचेही वय तेवढेच झालेले असते. म्हणून चार डिस्क असतील तर जागा कमी मिळाली तरी रेड ६ घ्यावी, असे माझे मत आहे. दोन डिस्कच्या घराने रेड १ घ्यावी.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

या लेखातले एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. रेड फक्त डिस्क बंद पडण्यापासून वाचवते. तुम्ही चुकून फोल्डर पुसलात तर ते सगळ्या डिस्कवरून एकदम पुसले जाते. चोर आला, पाणी शिरले, वीज कोसळली तर अख्खे यंत्र जाते. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरसही आहेत. २०२१ साली जगभरात घरगुती नॅस यंत्रांवर असे मोठे हल्ले झाले. त्यात ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती, त्यांना खंडणी देण्याची वेळ आली नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यासाठी सर्वांत सोपा. प्रत्येक गोष्टीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली १ घराबाहेर. बँकेत संगणक आल्यावर दिवसअखेरीच्या बॅकअपची टेप त्याच शाखेत ठेवत नसत, ती दुसरीकडे पाठवत. कारण हेच.

घरी असे करता येईल :

1. पहिली प्रत नॅसमध्ये.
2. दुसरी, यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची आणि काढून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायची. सतत जोडून ठेवली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो.
3. तिसरी गावाबाहेर. पुण्याला किंवा अहमदाबादला मुलगा-मुलगी असेल तर गणपतीला आणि मे महिन्याच्या सुटीत डिस्कची अदलाबदल करावी. नाहीतर बँकेचा लॉकर आहेच. बाहेर जाणारी डिस्क पासवर्डने बंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करूनच पाठवावी.

निवडक गोष्टी क्लाउडवर ठेवायलाही हरकत नाही. मात्र १ टीबी माहिती ५० मेगाबिटच्या अपलोड वेगाने चढवायला सुमारे ४५ तास लागतात. तेव्हा सगळे नको, जे गेले तर झोप उडेल तेवढेच चढवा.

जागा, ऊन आणि वीज

पुराचा अनुभव असलेल्या भागात तळमजला टाळा. तळमजलाच असेल तर रॅक भिंतीवर डोक्याच्या उंचीला बसवा. पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्टवर बसवा. जुन्या वाड्यांच्या चुन्या-मातीच्या भिंतीला भार पेलत नाही, तिथे वरच्या मजल्यावर जमिनीवर उभा रॅक बरा. स्वयंपाकघराची वाफ, न्हाणीघराची ओल आणि गच्चीखालची तापणारी खोली टाळा. देवघराशेजारीही नको, उदबत्तीची राख आणि धूर पंख्यातून आत जातो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. नॅसच्या पडद्यावर प्रत्येक डिस्कचे तापमान दिसते. ४५ अंशांच्या आत असावे. ५० च्या वर जाऊ लागले तर रॅकचे मागचे दार काढा, पंखा लावा किंवा दुपारपुरते यंत्र बंद ठेवा. धुळीची जाळी दर तीन महिन्यांनी झटका.

चार डिस्कचे नॅस साधारण ३५ वॅट वीज घेते. चोवीस तास चालवले तर महिन्याला २५ युनिट. रात्री बंद ठेवण्याची वेळ लावून देता येते.

यूपीएस मात्र हवाच. ६०० व्हीएचा पुरतो. त्याची यूएसबी वायर नॅसला जोडली म्हणजे वीज गेल्यावर यंत्र स्वतःहून व्यवस्थित बंद होते. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असे समजू नका. अनेक इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर खंड पाडतात. पंख्याला तो कळत नाही, पण लिहीत असलेल्या डिस्कला कळतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला.

उभारणीचा क्रम

1. रॅक बसवा, मग ट्रे, मग यंत्रे. जड वस्तू खाली.
2. डिस्क घालताना प्रत्येक कप्प्याबाहेर तिच्या अनुक्रमांकाची चिठ्ठी लावा. पुढे एखादी बिघडली तर चुकून चांगली डिस्क बाहेर ओढली जाणार नाही.
3. माहिती भरण्याआधी डिस्कची पूर्ण चाचणी चालवा. रात्रभर किंवा अधिक वेळ लागेल. नव्या डिस्कमधला दोष बहुधा सुरुवातीलाच उघडा पडतो.
4. रेड ठरवा. शक्य असेल तिथे झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल पद्धत निवडा. ती प्रत्येक तुकड्याची खूणगाठ ठेवते. महिन्यातून एकदा 'स्क्रब' लावला की सगळे तपासून पाहते. बँकेतली अचानक होणारी रोकड तपासणी समजा.
5. 'स्नॅपशॉट' चालू करा. चुकून पुसलेले काही दिवसांपर्यंत परत मिळते.
6. मूळ 'अ‍ॅडमिन' खाते बंद करून नवे नाव घ्या, पासवर्ड लांब ठेवा. घरच्यांना पाहण्याचा अधिकार द्या, पुसण्याचा एक-दोघांनाच. राउटरमधून यंत्र थेट इंटरनेटवर उघडू नका.
7. मग माहिती भरा. वायरने १ टीबी भरायला अडीच-तीन तास, वायफायने बराच अधिक वेळ. मूळ डिस्क लगेच पुसू नका.

फाइलींची नावे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, पुढे प्रसंग आणि माणसांची नावे. १९८७-०५-१७, मुंज, डावीकडून कोण कोण. हे काम यंत्राचे नाही, आपले आहे. आणि त्याला मुदत आहे, कारण जुन्या फोटोतल्या आत्याबाईंना ओळखणारी माणसे घरात आता एक-दोनच उरली आहेत. स्कॅनिंग पुढच्या वर्षी करता येईल, नावे विचारण्याचे काम या महिन्यातच करा.

३१ मार्च

३१ मार्च हा जगभर बॅकअप दिन म्हणून पाळतात. आम्हा बँकवाल्यांना ती तारीख वेगळी सांगायला नको. त्या दिवशी घरच्या साठवणीचीही वर्षअखेर करावी. डिस्कचा 'स्मार्ट' अहवाल पाहा. त्यात बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरची संख्या शून्यावरून वाढत असेल तर वॉरंटीत असतानाच डिस्क बदला. बाहेरच्या प्रतीतून दहा फाइली कुठल्याही निवडून उघडून पाहा. परत मिळत नाही तो बॅकअप कसला? पाच-सहा वर्षांची डिस्क चालत असली तरी निवृत्त करा.

आणि वारसनोंद. खात्याला, लॉकरला आपण नॉमिनी लावतो. या तिजोरीला कोण? पासवर्ड, प्रती कुठे कुठे आहेत आणि यंत्र कसे बंद करायचे, हे एका कागदावर मराठीत लिहून पाकिटात घाला. ते मृत्युपत्राच्या शेजारी ठेवा आणि घरातल्या दोघांना सांगा. पासवर्ड फक्त एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर डिस्क शाबूत राहूनही सगळे गेल्यासारखेच.

मंडळाच्या जुन्या नाट्यप्रयोगांच्या, व्याख्यानांच्या कॅसेट अनेक सभासदांच्या माळ्यावर आहेत. चुंबकीय फीत दरवर्षी खराब होत जाते, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. या दिवाळीच्या साफसफाईत अशी फीत हाती आली तर टाकू नका, मंडळाच्या कार्यालयात कळवा. ज्या घरांत साठवण उभी राहील, त्यांतल्या दोन-तीन घरांनी मंडळाच्या ऐवजाची एकेक प्रत सांभाळली तर ३-२-१ चा नियम आपल्या मंडळापुरता सहज पुरा होईल.